दिसतं ते अक्षर आणि उरतं ते अक्षर

मागच्या व्याख्यानात आपण मत आणि ज्ञान यांच्यातला भेद पाहिला. शेवटी एका श्रोत्याने प्रश्न विचारला होता, तो आम्ही आजसाठी राखून ठेवला. प्रश्न असा: "सर, आम्ही दिवसभर मतंच देत असतो. हा फोन चांगला, ते ॲप भिकार, जुने कॉम्प्युटरच बरे होते. या असल्या मतांना तत्त्वज्ञानात काही जागा आहे का?"

जागा आहे. पण ती नुसती व्याख्या करून दाखवता येणार नाही, त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. तो इतिहास आपल्यापैकी बहुतेकांच्या हाताखालून गेलेला आहे: मराठी अक्षर यंत्रात कसं शिरलं, आणि तेव्हा आपण सगळे त्याबद्दल काय बोलत होतो. त्यात आमची स्वतःची एक चूकही आहे. ती शेवटी सांगू.

सुरुवात जरा लांबून करू. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. त्या काळात पुष्कळ धर्मनिष्ठ लोकांचं छापील कागदाबद्दल ठाम मत होतं की छपाईच्या शाईत चरबी असते, म्हणून तो कागद विटाळाचा. गोविंद नारायण माडगावकरांच्या १८६३ सालच्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात या धास्तीचा उल्लेख येतो. गणपत कृष्णाजींनी त्यावर वाद घालत न बसता धार्मिक पुस्तकांसाठी तुपाची शाई तयार केली, असं सांगतात.

आता बघा, या मताला आज हसणं सोपं आहे. पण त्याची घडण नीट पाहा. लोक शाईबद्दल बोलत होते, कारण शाई बोटाला लागते, तिचा वास येतो. छपाईमुळे जे खरोखर बदलणार होतं ते असं, की पोथी ज्याच्या घरात आहे त्याचीच विद्या हा हिशेब मोडणार होता. त्याला हातही लागत नव्हता आणि वासही येत नव्हता. मत तयार झालं ते बोट जिथे टेकलं तिथे. यंत्राबद्दलची आपली मतं आजही बहुधा तिथेच तयार होतात.

न्यायदर्शनात चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नवी वस्तू घेताना आपण चारही वापरतो, फक्त ही नावं घेत नाही. "मी स्वतः वापरलाय" हे प्रत्यक्ष. "एवढा महाग आहे म्हणजे टिकेल" हे अनुमान, बऱ्याचदा सदोष. "भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे, तो म्हणाला" हा शब्द. भाचा आप्त आहेच, पण न्यायाच्या अर्थाने आप्त आहे की नाही, ते तपासावं लागतं. आणि उपमान म्हणजे "हे आपल्या जुन्या त्याच्यासारखंच आहे". ज्याने रानातला गवय पाहिला नाही त्याला सांगतात, गवय गाईसारखा असतो. या साम्यावरून तो गवय ओळखतो. पण गवय गाईसारखा असला तरी तो गोठ्यात राहत नाही, हे उपमान सांगत नाही. आमच्या पिढीची फसगत नेमकी इथे झाली.

आम्ही टाइपरायटरवर वाढलो. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. पुढे गावोगावच्या टंकलेखन संस्थांत मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द अशा मराठीच्या परीक्षा देऊन मुलामुलींनी नोकऱ्या मिळवल्या. मराठी टाइपरायटरवर कळा मोजक्या आणि अक्षरं उदंड, म्हणून अक्षराचे तुकडे केलेले असत. अर्धा त, मग दंड. आधी पहिली वेलांटी, मग व्यंजन. हात डोळ्याच्या मागून चालायचा. आमचा प्रबंध असाच टंकित झाला, चार कार्बन प्रतींसह. टाइपरायटरचा एक गुण तेव्हा कुणी गुण म्हणून मोजला नाही, तो असा की कागदावर जे दिसतं तेच त्याने लिहिलेलं असतं. दिसणं आणि असणं यांत फट नाही.

मग कॉम्प्युटर आला. त्यात भारतीय लिप्या बसवण्याचं मोठं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं. तिथे विकसित झालेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हा संकेत प्रमाण म्हणून स्वीकारला. त्यामागची कल्पना फार सुंदर होती. ब्राह्मीतून निघालेल्या आपल्या लिप्यांची वर्णमाला मूलतः एक आहे, तेव्हा यंत्रात 'क'ला एकच क्रमांक द्यायचा. तो देवनागरीत दाखवा, कन्नडमध्ये दाखवा किंवा बंगालीत. म्हणजे साठवायचा तो वर्ण, दाखवायचा तो आकार. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा गट होता, आणि त्याची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती.

म्हणजे तत्त्व १९९१ मध्येच हाताशी होतं. पण सामान्य माणसाच्या टेबलावर काय आलं? डीटीपी आलं. लग्नपत्रिका, हस्तपत्रकं, दिवाळी अंक, सगळं पेजमेकरमध्ये जुळू लागलं. तिथे चालत होते ते सुटे फॉन्ट. अशा फॉन्टमध्ये २५६ जागा, त्यातल्या काही राखीव. उरलेल्या जागांत टाइपरायटरसारखेच अक्षराचे तुकडे बसवलेले. यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांनी मराठी छपाईचं रूप पालटलं, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्यांच्याशिवाय नव्वदचं दशक इंग्रजीतच गेलं असतं. पण प्रत्येक घराण्याच्या फॉन्टची आतली मांडणी वेगळी. एका दुकानात जुळवलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की गिचमीड दिसायची.

आणि तेव्हा आपली मतं काय होती? आम्हाला स्टाफरूममधली चर्चा अजून आठवते. "याचा ळ बघा किती डौलदार." "त्याची पहिली वेलांटी अक्षराला नीट टेकत नाही." "ते इन्स्क्रिप्ट फार अवघड, आमच्या टायपिस्टला जमत नाही." इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि टंकायचं ते उच्चाराच्या क्रमाने: आधी क, मग वेलांटी. आम्ही बाराखडी याच क्रमाने शिकलो होतो. तरी टाइपरायटरने लावलेली सवय आम्हाला स्वाभाविक वाटत होती आणि बाराखडी अवघड! फाइल आत कशी साठवली जाते, याबद्दल त्या स्टाफरूममध्ये कुणाचंही मत नव्हतं. आपल्याला त्याबद्दल मत नाही, हेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता आमची चूक.

आमच्या विभागात एक सहकारी होते, आमच्याहून सहा वर्षांनी ज्येष्ठ. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. न्यायसूत्रांवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत विवरण लिहायला त्यांनी १९९८ साली घेतलं. त्यांचं हस्ताक्षर दुर्बोध, म्हणून आम्हीच आग्रह केला की कॉम्प्युटर घ्या, आणि पॅकेजही आम्हीच सुचवलं. कारण एकच, अक्षर देखणं होतं. नाव घेत नाही, घेण्यात अर्थ नाही. दुसरं सुचवलं असतं तरी तेच झालं असतं.

विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी थेट कॉम्प्युटरमध्येच मिळू लागली होती. २००२ च्या सुमारास एक विद्यार्थी अण्णांना म्हणाला, "सर, हे युनिकोडमध्ये घ्या, पुढे कुठेही उघडेल." अण्णांनी आम्हाला विचारलं. आम्ही पडद्यावरचा तो मंगल फॉन्ट पाहिला. ल आणि श हिंदी वळणाचे, अक्षरं दाटीवाटीने बसलेली. आम्ही म्हणालो, "अण्णा, हे वाचवत नाही. आहे तेच राहू द्या."

अण्णा २००६ साली गेले. २०१२ मध्ये त्यांच्या मुलीने सीडी आणून दिली, म्हणाली, "काका, बाबांचं पुस्तक काढू या." फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस, टिंबं. पॅकेज ज्या जुन्या यंत्रावर चालायचं ते भंगारात गेलेलं, नव्या यंत्रावर ते चढेना. सहा प्रकरणांपैकी चार कागदावर छापून ठेवलेली होती, ती पुन्हा टंकून घेतली. उरलेली दोन फक्त त्या सीडीत. रूपांतराचे प्रोग्रॅम लावून पाहिले. पाचवं प्रकरण बरंचसं सुटलं. वेलांट्या मात्र शेजारच्या अक्षरावर गेल्या होत्या, कारण जुन्या फॉन्टने त्या डोळ्याच्या क्रमाने ठेवलेल्या आणि युनिकोडला त्या उच्चाराच्या क्रमाने हव्या. सहाव्या प्रकरणात संस्कृत अवतरणं खच्चून भरलेली. तिथली जोडाक्षरं गेली ती गेलीच. पुस्तक निघालं, पण शेवटच्या प्रकरणात काही जागा चौकटी करून मोकळ्या सोडल्या आहेत. अंदाजाने भरता आल्या असत्या. पण ते अण्णांचं वाक्य राहिलं नसतं.

आमचा टंकित प्रबंध अजून कपाटात आहे. कार्बन प्रत फिकी झाली आहे, पण वाचता येते.

यावरून कुणी म्हणेल, म्हणजे सामान्य माणसाचं मत निरुपयोगी, तज्ज्ञांवर सोडावं. आमचं म्हणणं तसं नाही, आणि या इतिहासाची दुसरी बाजू न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. 'ॲ' हे अक्षर घ्या. बँक, कॅच यांत व्यंजनावर चंद्र देता येत होता, पण शब्दाच्या आरंभी 'ॲ' नीट लिहिता येत नव्हता. कुणी 'अ‍ॅ' असा जुगाड करी, कुणी 'ऍ' लिही. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये मिळाली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ मराठी वर्णमालेत आले. मराठी वळणाचे ल आणि श कसे असावेत तेही त्यात ठरलं.

तीच गोष्ट त्या अर्ध्या र ची. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक न करणारं यंत्र गुरूची दक्षिणा स्वयंपाक्याला देऊन मोकळं होईल! हा भेद जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला मराठी माणसाने सांगितल्याखेरीज कळला नसता. आणि ज्या ल-श बद्दल आम्ही कुरकुर केली ती कुरकुर चुकीची नव्हतीच. चूक इतकीच झाली की आकाराबद्दलच्या खऱ्या तक्रारीवरून आम्ही साठवणीबद्दलचा निर्णय दिला. फॉन्ट बदलता येतो. आज युनिकोडचे देखणे मराठी फॉन्ट फुकट मिळतात, आणि २००३ साली त्याच 'कुरूप' अक्षरात सुरू झालेला मराठी विकिपीडिया आजही शब्द न शब्द वाचता येतो.

तर आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. रोजच्या मताला जागा कोणती? साक्षीदाराची. साक्षीदार जे पाहिलं ते सांगतो, त्याबाबत त्याच्याइतका अधिकार कुणाचा नाही. "मला हे वाचवत नाही", "माझ्या बोटांना हे जमत नाही", ही मतं ऐकलीच पाहिजेत. पण जे त्याला दिसतच नाही त्याबद्दल त्याने निकाल देऊ नये. आणि आपण हे रोज करतो. फोटो छान येतात म्हणून फोन चांगला. आवाजाने मराठी टंकता येतं म्हणून ॲप चांगलं. असतीलही. पण आईचा आवाज, नातवाचे फोटो, तीस वर्षांचा पत्रव्यवहार आपण जिथे ठेवतो आहोत तिथून तो बाहेर कसा काढायचा, हे किती जणांनी करून पाहिलं आहे?

म्हणून एक गृहपाठ देतो. आम्ही मास्तरच, सवय जात नाही. या आठवड्यात तुमच्या फोनमधली जपावीशी वाटणारी एक गोष्ट निवडा. ती दुसऱ्या यंत्रावर, ते ॲप नसलेल्या यंत्रावर, उघडून दाखवा. उघडली तर उत्तम. नाही उघडली तर आज कळलं, हेही उत्तम. अण्णांच्या वेळी आम्हाला ते सहा वर्षं उशिरा कळलं.

पुढच्या वेळी 'शब्द' हे प्रमाण घेऊ. आप्त कुणाला म्हणायचं आणि भाच्याला त्यात बसवायचं की नाही, ते तेव्हा बघू.