सुवाळीचा सोरा

सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या उत्तरेला सुवाळीचा किनारा आहे. १६१२ च्या अखेरीस टॉमस बेस्टच्या दोन इंग्रज जहाजांनी इथे पोर्तुगिजांच्या चार गॅलिअनना दाद दिली नाही, आणि सुरतेत इंग्रजांचे पाय रोवले गेले. ही हकिकत सांगणारे बहुतेक जण तोफांचा मारा आणि उथळ पाण्यातली भरती-ओहोटी यांवरच थांबतात. पण काळ्या दारूच्या, म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूच्या इतिहासात सुवाळीचं महत्त्व त्या गोळाबारीपेक्षा पुढच्या दशकांत इथून जहाजांच्या तळाशी भरून गेलेल्या सोऱ्यामुळे अधिक आहे, असं माझं मत आहे.

काळ्या दारूत वजनाने सुमारे तीन चतुर्थांश सोरा असतो, बाकीचा कोळसा आणि गंधक. कोळसा कुठेही पाडता येतो. सोऱ्यासाठी मात्र इंग्लंडच्या राजाची माणसं लोकांचे गोठे आणि कबुतरखाने खणत फिरत, आणि लोकांच्या शिव्या खात. आपल्याकडे गुरांचं मूत, उष्ण हवा आणि पावसाळ्यानंतरचा लांबलचक कोरडा काळ यांमुळे जमिनीवर आपसूक पांढरा थर फुटे. ती माती भिजवून पाणी गाळायचं, उकळून आटवायचं आणि निवू द्यायचं. सगळी करामत त्या निवण्यात. १०० ग्रॅम उकळत्या पाण्यात सुमारे २४० ग्रॅम सोरा विरघळतो, २० अंशांवर जेमतेम ३२. मातीतून सोऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या मिठाचा आकडा मात्र ३६ ते ३९ च्या पुढेमागे फारसा हलत नाही. म्हणून सोऱ्याचे खडे तळाशी बसतात आणि मीठ पाण्यात राहतं. सोऱ्यात मीठ राहिलं, तर दारू ओलावा धरते आणि ऐनवेळी बार फुसका निघतो. शुद्ध सोरा कच्च्याच्या तिप्पट भावाने जातो, अशी नोंद फ्रेंच प्रवासी तावेर्नियेने केली आहे, ती उगीच नव्हे. गुजरात आणि आग्र्याकडचा हा माल सुरतेच्या वखारीत येई. तापीच्या मुखावरचा वाळूचा दांडा मोठ्या जहाजांना आत येऊ देत नसे, म्हणून ती सुवाळीला नांगरत. कापडाचे गठ्ठे हलके. जहाज डोलू नये म्हणून तळाशी वजन लागेच. तिथे धोंडे भरण्याऐवजी सोरा भरला, की तळाचं वजनही नफा देई.

यावर कोणी म्हणेल, सोराच एवढा मोलाचा, तर तो ज्यांच्या मातीत पिकत होता त्या मोगलांची सुरत जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांसमोर उघडी कशी पडली? सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. तिथून तोफा डागल्या गेल्या, पण गोळे मराठ्यांपेक्षा शहरातल्या घरांवरच जास्त पडले. आक्षेप रास्त आहे. दारूचा साठा म्हणजे बळ नव्हे, त्यामागे ती राखणारा आणि वापरणारा कारभार लागतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, दारू दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून उन्ह दाखवावं, पुन्हा मोहोर करून ठेवावी, असं बजावलं आहे. ओलाव्याची ही धास्ती ज्याला कळली, त्याला दारू कळली. पण शिस्त कितीही असो, दारूखान्यात सोराच नसेल तर उन्ह कशाला दाखवणार?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोऱ्याचा व्यापार पाटण्याकडे आणि हुगळीकडे सरकला. बिहारच्या मालापुढे गुजरातचा माल थोडाच होता. हे मान्यच करायला हवं, आणि सुवाळीला सोऱ्याची राजधानी ठरवण्याचा हट्ट कोणी धरू नये. तरी भारतातला सोरा वखारीतून विकत घेऊन जहाजाच्या तळाशी भरण्याचा धंदा इंग्रज आधी सुरतेच्या बाजूला शिकले. बंगालमध्ये तो फक्त वाढला. १६९३ च्या सनदेत तर इंग्लंडच्या सरकारने ईस्ट इंडिया कंपनीवर अटच घातली, की दरवर्षी ५०० टन सोरा सरकारी दारूखान्याला पुरवायचा. तोवर माल मुख्यतः बिहारचा झाला होता, पण जहाजात त्याची जागा तळाशीच होती.