कोठीची किल्ली

जुन्या वाड्यात कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, यावरून घरचा कारभार ओळखता येई. संगणकाच्या घरातही अशी एक कोठी आहे. तिचे नाव मेमरी. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला या यंत्राच्या इतिहासाची गोडी लागली, ती या किल्लीपायीच.

प्रारंभी प्रोसेसर हा एकटाच कारभारी. बाहेरून आलेला दाणा न् दाणा त्यानेच उचलून कोठीत ठेवायचा. पण कारभारी दाणे वाहू लागला, तर हिशेब कोणी करायचा? म्हणून हाताखाली हमाल आला. 1981 च्या आयबीएम पीसीत ही हमाली इंटेलच्या 8237 या चिपकडे होती. कारभाऱ्याने ‘अमुक कप्प्यात इतकी पोती’ एवढे सांगावे. हमालाने ती परस्पर नेऊन ठेवावी आणि वर्दी द्यावी. याचेच नाव डायरेक्ट मेमरी ॲक्सेस, म्हणजे डीएमए.

पण परस्पर व्यवहार आला की विश्वासाचा प्रश्न आलाच! 1995 साली प्रमाणित झालेल्या फायरवायरने दारी आलेल्या पाहुण्यालाही कोठीची वाट मोकळी केली. 2004 साली मॅक्सिमिलियन डॉर्नसाइफ या संशोधकाने दाखवून दिले की, गाणी ऐकवणारा आयपॉड फायरवायरने जोडून संगणकाची मेमरी वाचताही येते आणि बदलताही येते.

यूएसबीची रीत निराळी. सात कंपन्यांनी मिळून जानेवारी 1996 मध्ये तिचे पहिले मानक प्रसिद्ध केले. त्या कामी पुढे असलेले इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, हे वाचून कोणा मराठी माणसाला बरे वाटणार नाही? या मानकात पाहुण्याची जागा ओसरीवर. कीबोर्डची कळ दाबली, तरी कंट्रोलर विचारीपर्यंत कीबोर्डने गप्प बसायचे. इंटेलच्या यूएचसीआय पद्धतीत कंट्रोलर मेमरीतली 1024 खणांची यादी वाचीत जातो, दर मिलिसेकंदाला एक खण. ज्याची पाळी त्याला विचारतो आणि आलेला माल स्वतः डीएमएने आत ठेवतो. माल कुठल्या कप्प्यात गेला, याचा पाहुण्याला पत्ताही नसतो. गंमत अशी की, या रचनेमागे काटकसरही होती. सारी अक्कल यजमानाकडे ठेवली, की माउस-कीबोर्ड स्वस्तात होतात. काटकसरीतून घराची राखणही झाली.

तरी ओसरीवरचा पाहुणा खोटे नाव सांगू शकतोच. 2014 साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी पेनड्राइव्हला कीबोर्डचे सोंग घ्यायला लावून ते सिद्ध केले. पुढे 2019 साली थंडरबोल्टच्या पायावर यूएसबी4 आले. वेगासाठी त्यात पीसीआय एक्सप्रेसची वाहतूकही नेता येते, म्हणजे कोठीची वाट पुन्हा उघडली. आता तिथे आयओएमएमयू नावाचा पहारेकरी असतो. कोणी कुठल्या कप्प्याला हात लावावा, हे तो तपासतो. मात्र त्याला कामावर नीट उभे करणे यजमानाच्याच हाती.

वाचकहो, वेग हवा तर दार उघडावे लागते आणि दार उघडले तर राखण करावी लागते. दोन्ही खर्च एकाच घराच्या वहीत मांडायचे असतात.