नृत्यगुरूंचे ऋण

कणकुंबी हे खानापूर तालुक्यातील घाटमाथ्यावरचे गाव. बेळगावहून चोर्ला घाटाने गोमंतकात उतरणारा प्रवासी या गावावरून जातो. येथे श्रीमाऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते व पूर्वेची वाट धरते. याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेस वळून म्हादईला मिळतो आणि गोव्यात जातो. एकाच डोंगराच्या पाठीवर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो. आपल्या नृत्यकलेचा आणि ती शिकविणाऱ्यांचा इतिहास पाहू लागले असता या दोन्ही प्रवाहांच्या काठाने काही अंतर चालावे लागते; म्हणून प्रारंभी या गावाचे स्मरण केले.

आज देवस्थानांच्या सभागृहांत आणि समाजमंदिरांत नृत्याचे वर्ग चालतात. उत्सवाच्या रात्री लहान मुली घुंगरू बांधून रंगमंचावर येतात, आईबाप कौतुकाने पाहतात, अध्यक्ष भाषण करतात, देणगीदारांस श्रीफळ मिळते. ज्याने वर्षभर त्या मुलींची पावले घडविली त्या शिक्षकाचे नाव पुष्कळदा आभारप्रदर्शनाच्या शेवटच्या वाक्यात येते. हा शिक्षक आला कोठून, त्याची विद्या कोणाच्या हातून आली, आणि त्या हातांशी आपला समाज कसा वागला, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ते विचारणे देवळाभोवती जगणाऱ्या समाजाचे कर्तव्य आहे, कारण या विद्येचे जुने घर देऊळच होते.

प्रथम मलप्रभेच्या काठाने जाऊ. कणकुंबीहून निघालेली ही नदी कृष्णेला मिळण्यापूर्वी सुमारे ३०० किलोमीटर वाहते आणि वाटेत पट्टदकल येथे चालुक्यांच्या देवालयांजवळून जाते. तेथील विरूपाक्षाचे मंदिर दुसऱ्या विक्रमादित्याच्या लोकमहादेवी या राणीने आठव्या शतकात बांधविले. मंदिर उभारणाऱ्या गुंड नावाच्या स्थपतीस 'त्रिभुवनाचार्य' ही पदवी दिल्याचे तेथील लेख सांगतो. गायकांना पूर्वी मिळालेले हक्क राणीने कायम केल्याचाही उल्लेख आहे. पट्टदकलच्याच एका शिलालेखात अचल नावाच्या नटाची स्तुती आहे. भरताच्या मताला धरून असलेल्या त्याच्या वाणीपुढे प्रतिस्पर्धी नटांचा गर्व उतरला, अशा आशयाचे ते वर्णन आहे. स्थपती, गायक आणि नट या तिघांनाही त्या काळच्या राजसत्तेने दगडावर जागा दिली, ही गोष्ट लहान नव्हे. देवापुढे कला सादर करणारा आणि तिचे शास्त्र जाणणारा माणूस नावाने ओळखला जावा, ही जाणीव या नदीच्या काठी बाराशे वर्षांपूर्वी होती.

परंतु हीच नदी पट्टदकलला पोहोचण्यापूर्वी सौंदत्तीच्या परिसरातून जाते. तेथील डोंगरावर श्रीरेणुका यल्लम्मा आहे. या देवीला मुली वाहण्याची चाल पिढ्यानपिढ्या चालली. वाहिलेल्या मुलीला देवाचे नाव मिळाले, पण संसार मिळाला नाही, आणि तिच्या देहावर गावातल्या बलवानांनी हक्क सांगितला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. त्याने मुली वाहणे बेकायदा ठरविले व देवदासींच्या विवाहास मान्यता दिली. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. तरीही चाल थांबली नाही म्हणून कर्नाटक राज्याला १९८२ साली पुन्हा स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या सुधारकांनी ही चाल मोडण्यासाठी आयुष्य वेचले त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. कलेच्या नावाखाली त्या चालीचे समर्थन कोणी करू नये.

आता घाट उतरून पश्चिमेस येऊ. गोमंतकातील देवळांच्या सेवेत कलावंत घराणी होती. पालखीपुढे व सभामंडपात गाणे आणि नाचणे हा त्यांच्या स्त्रियांच्या सेवेचा भाग होता. विद्या आईकडून मुलीला, मावशीकडून भाचीला मिळे. पुढे एखाद्या उस्तादाची तालीम ठेवली जाई. म्हणजे या घरांतील प्रत्येक प्रौढ स्त्री ही एका अर्थी शाळाच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी या समाजातून सुधारणेची चळवळ उभी राहिली. गोमंतक मराठा समाजाने मुलींचे शिक्षण व विवाह यांचा आग्रह धरला आणि देवळाच्या त्या सेवेचे जोखड झुगारून दिले. आत्मसन्मानासाठी एका समाजाने स्वतःच घेतलेला हा निर्णय होता, आणि तो योग्यच होता.

मात्र या स्थित्यंतरात गाणे आणि नाच यांच्या वाट्याला निरनिराळे भवितव्य आले. गाण्याला मुंबईची मैफल मिळाली, ध्वनिमुद्रिका मिळाली, नभोवाणी मिळाली. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या गायिकांपुढे सगळा देश नतमस्तक झाला. दोघींनाही पुढे 'पद्मभूषण' मिळाले, केसरबाईंना १९६९ साली व मोगूबाईंना १९७४ साली. नाचाला असा मार्ग मिळाला नाही. गाणे ऐकताना श्रोता डोळे मिटून घेऊ शकतो. नाच पाहताना तशी सोय नसते, आणि बदनामी तर देहालाच चिकटलेली होती. परिणामी ज्या घरांत नाच होता त्या घरांनी तो मुलींपासून लपविला आणि ज्या घरांत तो कधीच नव्हता त्या घरांनी काही वर्षांतच आपल्या मुलींस तो शिकविण्यास आरंभ केला. दुसऱ्या घरांनी नृत्य उचलले हे चांगलेच झाले. पहिल्या घरांतील शिकविणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत.

मग आपल्या मध्यमवर्गीय मुलींना शिकविणारे गुरू आले कोठून? याचे एक उत्तर तंजावरकडे नेते, आणि तेथे मराठी माणसाला आपलेच घर भेटते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापिले. त्यांच्या वंशातील दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू होते. बृहदीश्वराच्या देवळाशी आणि दरबाराशी संबंध असलेल्या या नट्टुवनारांनी नृत्याचा जो क्रम बसविला, तोच अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा क्रम आजही भरतनाट्यमच्या वर्गात शिकविला जातो. नट्टुवनार म्हणजे नृत्य शिकविणारा व प्रयोगाच्या वेळी ताल धरणारा गुरू. तो जमिनीवर मांडी घालून बसतो, लाकडी ठोकळ्यावर दांडक्याने ठेका देतो, तोंडाने बोल म्हणतो आणि डोळ्यांनी शिष्येच्या टाचेपासून भुवईपर्यंतची चूक हेरतो. प्रेक्षक शिष्येला पाहतात. ताल मात्र त्याच्या हातात असतो.

ही विद्या उत्तरेकडेही आली. १८८० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील कन्येशी झाला. त्याच चिमणाबाई महाराणी. त्या संबंधाने तंजावरचे नर्तकी व नट्टुवनार बडोद्याच्या मराठी दरबारात आले आणि तेथेच राहिले. पुढे त्याच परंपरेतील कुबेरनाथ तंजोरकर यांनी बडोद्यात पिढ्या घडविल्या. मुंबईत १९४५ साली तिरुविडैमरुदूरच्या नट्टुवनार घराण्याने 'राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर' स्थापिले. देवळाच्या मंडपातली विद्या अशा रीतीने शहरातल्या शाळेत आली, आणि मराठी, कोकणी, गुजराती, तमिळ अशा सर्व घरांतील मुली तेथे शिकू लागल्या.

दुसरे उत्तर कथकाच्या वाटेने मिळते. जयपूर परंपरेचे सुंदर प्रसाद यांनी मुंबईत अनेक वर्षे शिकविले. सारस्वत समाजातले मोहनराव कल्याणपूरकर हे त्यांचे शिष्य. नाच म्हणजे हलके काम असा समज प्रबळ असताना सुशिक्षित घरातल्या या तरुणाने कथक हा आयुष्याचा व्यवसाय म्हणून पत्करला आणि लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापन केले. १९६२ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' सुरू केली. लच्छू महाराज व मोहनराव या दोघांकडून त्यांनी विद्या घेतली आणि २००८ साली निधन होईपर्यंत ती वाटीत राहिल्या. कोकणी मातृभाषेच्या गुरूने लखनौची विद्या पुण्याच्या मराठी शिष्येला दिली, हे आपल्या दोन भाषांच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रवाह नृत्यनाट्याचा, ज्याला आपल्याकडे सर्रास 'बॅले' म्हणतात. टाचा उंचावून नाचण्याच्या युरोपीय पद्धतीशी त्याचा संबंध नावापुरता. अनेक नर्तकांनी मिळून, बहुधा संवादाविना, संगीताच्या आधारे कथा सांगणे असे त्याचे आपल्याकडील रूप आहे. उदय शंकर यांनी अल्मोड्याच्या केंद्रात त्याचा पाया घातला. तेथून आलेले शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत 'लिट्ल बॅले ट्रूप' उभा केला, आणि माणसांनी कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाली करावयाच्या अशा युक्तीने रामायण बसविले. १९५४ साली ते अकाली वारले. पण त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सोडले नाही. सचिन शंकर यांचेही बॅले पथक मुंबईत १९५३ पासून काम करू लागले. या प्रकारात शिक्षकाचे काम अधिक कठीण असते. एका शिष्येला तयार करणे वेगळे, आणि उंची, वय व कुवत यांत एकमेकांशी न जुळणाऱ्या वीस जणांकडून एक श्वास घेतल्यासारखी हालचाल करविणे वेगळे. समाजातल्या शाळेत हेच करावे लागते. तेथे मुले निवडून घेता येत नाहीत. जी येतात त्यांनाच घडवावे लागते.

हे तिन्ही धागे ज्या एका माणसात एकत्र आले त्याची हकीकत सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आचार्य पार्वतीकुमार यांचा जन्म १९२१ सालचा, मालवणचा. त्यांनी चंद्रशेखर पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यमची तालीम घेतली. मुंबईत त्यांनी नृत्यनाट्ये बसविली; 'देख तेरी बंबई' हे त्यांतले गाजलेले. परंतु त्यांचे खरे कार्य त्याहून मोठे आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५८ साली 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाने सरफोजी राजांच्या मराठी नृत्यरचना प्रसिद्ध केल्या. या रचनांना निरूपणे म्हणतात. एका निरूपणात एकाच कथेच्या सूत्रात गुंफलेल्या, एकाच राग-तालात बांधलेल्या अठरा रचना येतात. भरतनाट्यम ही परप्रांतीय कला आहे असे मानणाऱ्या मराठी माणसाला, त्या कलेचे भरघोस साहित्य आपल्याच भाषेत दीड शतकापूर्वी लिहिले गेले होते, हे ठाऊकही नव्हते. पार्वतीकुमारांनी या कागदावरच्या शब्दांना पुन्हा पावले दिली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती लोकांपुढे आणली, आणि पुढे त्याच चार बंधूंच्या वंशातील किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकून तो धागा मुळाशी नेऊन जोडला. पार्वतीकुमार २०१२ साली निवर्तले. मालवणचा कोकणी मुलूख, तंजावरचा मराठी राजा आणि तमिळ नट्टुवनार यांची सांगड एका शिक्षकाने घातली; ती कोणत्याही दरबाराने किंवा परिषदेने घातली नव्हती.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. राज्ये गेली, दरबार बुडाले, देवळातील सेवा कायद्याने बंद झाली. तरी विद्या वाचली, कारण शिकविणारा माणूस ती घेऊन दुसऱ्या गावी गेला. तंजावरहून बडोद्यास, लखनौहून पुण्यास आणि मालवणहून मुंबईस ही वाट त्यानेच चालली. आश्रयदात्यांची नावे आपण संगमरवरावर कोरली. ज्याच्या जाण्यायेण्याने कला तगली त्याला मात्र तासाच्या हिशेबाने मानधन दिले. ज्या कलावंत स्त्रियांनी त्याही आधी ही ज्योत सांभाळली, त्यांना तर आपण इतिहासातूनच वगळले. चाल मोडणे हा धर्म होता. चालीत अडकलेल्या माणसांचे ज्ञान व नाव पुसणे हा धर्म नव्हता. या दोहोंतला भेद त्या वेळी आपल्या ध्यानात आला नाही. तो आता तरी यावा.

देवस्थान समित्यांनी व समाजांच्या चालकांनी करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यास फार द्रव्य लागत नाही. नृत्यवर्ग चालविणाऱ्यांनी आपल्या शिक्षकाची गुरुपरंपरा लिहून घ्यावी व उत्सवाच्या पत्रिकेत ती आरंभी छापावी. देवळाच्या जुन्या दफ्तरांत, जमाखर्चाच्या वह्यांत सेवेकऱ्यांच्या नोंदी सापडल्यास त्या जपाव्यात; मात्र ज्या कुटुंबांनी तो भूतकाळ मागे टाकला आहे त्यांच्या संमतीवाचून कोणाचे नाव जाहीर करू नये. शिक्षकास श्रीफळाबरोबर योग्य वेतनही द्यावे. आणि मुलींना पहिले पाऊल शिकविताना हेही सांगावे की, ज्या भूमीला आपण नमस्कार करतो तिच्यावर आपल्याआधी अनेक बायका नाचल्या, त्यांतल्या कित्येकींना नाही म्हणण्याची मुभा नव्हती, आणि तरीही त्यांनी ही विद्या नासू दिली नाही. पट्टदकलच्या शिलालेखाने अचलाचे नाव राखले. आपल्या गावच्या शिक्षकाचे नाव राखणे हे आपले काम आहे.