वाट चुकलेलीं मुलें व वेळीं दिलेला हात

येवलें म्हटलें कीं परगांवच्या माणसाच्या डोळ्यांपुढें पैठणी उभी राहते. आम्हां येवलेकरांस मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. दौंडाकडून येणारा लोहमार्ग आमच्या गांवावरून पुढें मनमाडास जातो, आणि मनमाडास गाडींत बसलेला मुलगा पांच-सहा तासांत मुंबईस उतरतो. घरीं मार खाल्लेला, शाळेंत मन न रमलेला, किंवा पोटाची खळगी भरावयास निघालेला असा कोणी मुलगा मुंबईच्या फलाटावर उभा राहिला, तर त्यास प्रथम कोण भेटतें? या प्रश्नास आपल्या समाजानें कसकशीं उत्तरें दिलीं, त्याचा थोडा इतिहास येथें सांगावा असें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींचीं उत्तरें कायद्याचीं होतीं. १८५० च्या कायद्यान्वयें दहा ते अठरा वर्षांचीं अनाथ व गरीब मुलें धंदा शिकण्यासाठीं कारागिराकडे बांधून देतां येत. १८५७ सालीं मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा निघाली. १९२४ सालीं मुंबई इलाख्यानें मुलांचा स्वतंत्र कायदा केला, आणि १९२७ सालीं चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिच्या ताब्यांत डोंगरी येथील उमरखाडीचा जुना तुरुंग आला. टिळक व आगरकर यांनीं १८८२ सालीं एकशें एक दिवस ज्या भिंतींआड काढले, त्याच भिंतींआड पुढें निराधार मुलें ठेवण्यांत येऊं लागलीं. हेतु चांगला होता यांत शंका नाहीं. परंतु जागेची निवड पाहून आमचें मन आजही खिन्न होतें. या सर्व व्यवस्थेंत मूल न्यायाधीशापुढें उभें राही, तेव्हांच समाजाचें लक्ष तिकडे जाई. मदत मिळे, पण उशिरां मिळे.

फलाटावर जाऊन मुलांस गांठण्याचें काम पुढें कांहीं धर्मगुरूंनीं अंगावर घेतलें. येशूसंघीयांचें स्नेहसदन १९६२ सालीं मुंबईंत सुरू झालें. डॉन बॉस्को संघानें १९८७ सालीं वडाळ्यास रस्त्यावरील मुलांसाठीं निवारा उघडला. तरीही प्रत्येकाचें दार निराळें होतें. रात्रीं तापानें फणफणलेल्या पोरास इस्पितळांत नेलें तर तेथें पालकाची सही मागत; चौकींत नेलें तर पत्ता विचारीत; आश्रमांत नेलें तर कागद मागत. प्रत्येक जण आपल्या परीनें योग्यच वागे, आणि पोर मात्र उंबऱ्यावरच राही. आमचे विणकर बंधु जाणतात कीं रेशीम कितीही उंची असो, ताणा नीट लागल्यावांचून कांठ उमटत नाहीं.

हा ताणा लावण्याचा प्रयत्न जून १९९६ मध्यें मुंबईंत झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेंत अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांस रस्त्यावरचीं मुलें अडचणींत सांपडलीं कीं रात्रीं-अपरात्रीं दूरध्वनि करीत. त्यांतून मुलांसाठीं एक विनामूल्य दूरध्वनि-क्रमांक निघाला : १०९८. मुलें तो ‘दस, नौ, आठ’ असा उलट्या मोजणीनें पाठ करीत. तो क्रमांक फिरविण्यास पैसा लागत नसे. हांक आली कीं जवळच्या संस्थेचा माणूस तासाभराच्या आंत मुलापाशीं पोहोंचावा, असा दंडक होता. रस्त्यावर वाढलेले तरुणच पुष्कळदां या कामावर असत. मुलाची भाषा त्यांस कळे. पण आमच्या मतें खरें कसबाचें काम निराळेंच होतें. पोलिस, डॉक्टर, रेल्वेचे नोकर, शिक्षक व आश्रमचालक यांस एकत्र बसवून प्रत्येकाचा वांटा समजावून देण्यांत आला. मुलांच्याही सभा भरत, आणि तेथें मुलें आपल्या तक्रारी उघड मांडीत. १९९९ सालीं या कामासाठीं चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन स्थापन झालें, व मुंबईचा प्रयोग देशभर पसरला.

मूल घर सोडण्यापूर्वींच त्याची विचारपूस व्हावी, हा विचार खेड्यांतही हळूहळू रुजला. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत ३३ ठिकाणीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें पूरक आहार, लस, आरोग्यतपासणी व शिशुशिक्षण हीं एकाच अंगणांत आणलीं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानंतर महाराष्ट्रांत गांवोगांवीं ग्रामसेवकावर ते विवाह रोखण्याची जबाबदारी आली, व अंगणवाडी सेविका त्याची साहाय्यक झाली. २०१४ सालीं राज्य शासनानें ग्राम बाल संरक्षण समित्या नेमण्याचें ठरविलें. सरपंच, पोलिस पाटील, मुख्याध्यापक व अंगणवाडी सेविका यांनीं एकत्र बसावें अशी ती योजना. कागदावर ती सुरेख आहे. समिती बसते कीं नाहीं, हें ज्याच्या त्याच्या गांवावर अवलंबून.

२०२३ सालीं १०९८ ची व्यवस्था शासनानें आपल्याकडे घेतली व ती ११२ या संकटकालीन क्रमांकाशीं जोडली. स्वयंसेवी संस्थांचें जुनें जाळें त्यामुळें मागें पडलें. तार शासनानें सांभाळावी, यांत आम्हांस वावगें वाटत नाहीं. मात्र तासाभरांत पोहोंचणारे पाय कोणाचे, ही चिंता उरतेच. आमच्या तालुक्याचा पूर्वभाग अवर्षणाचा. पाऊस हुकला कीं कामासाठीं बाहेर पडणाऱ्या आईबापांबरोबर मुलेंही शाळेच्या हजेरीपटावरून नाहींशीं होतात. सलग आठ दिवस रिकामी राहिलेली ती चौकट प्रथम शिक्षकाच्या दृष्टीस पडते; शेजारणीस तर तें त्याआधींच ठाऊक असतें. गाडी मनमाडाहून सुटते ती त्यानंतर.