कापूस, सरकी आणि विशेषणे

१/ मऊ, खरखरीत, जाड, बारीक. असे शब्द मुलाच्या आधी बोटांना कळतात. मारिया माँटेसरी यांनी त्यासाठी खास साधने घडवली. परंतु ती महाग होती.

२/ ऑक्टोबर १९३१. लंडनमध्ये माँटेसरींच्या प्रशिक्षणार्थींसमोर बोलताना गांधीजींनी आशा व्यक्त केली, की हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंतही पोहोचावे.

३/ ऑक्टोबर १९३७. वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' उभी राहिली. झाकिर हुसेन समितीने ७ ते १४ वयोगटासाठी अभ्यासक्रम आखला. त्यात कताई हा एक मूलोद्योग होता. १९४५ पासून सातच्या आतील मुलांचाही विचार झाला: 'पूर्व-बुनियादी'.

४/ वर्धा हा कापसाचा मुलूख. कापूस निवडणे म्हणजेच वर्गीकरण: रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, काडीकचरा तिसरीकडे. रुई मऊ, सरकी टणक. पेळू सैल, सूत पिळदार. प्रत्येक ढिगाला आपले विशेषण.

५/ १९४५ मध्येच बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. बिया, खडे, पाने, शिंपले हीच तेथील साधने.

६/ लंडनमध्ये व्यक्त झालेल्या आशेला शेतातून आणि समुद्रकिनाऱ्यावरून असे उत्तर मिळाले. शेतमजुराच्या मुलाला शिकण्यासाठी काही विकत घ्यावे लागले नाही.