शेंडा दिसतो, जमीन दिसत नाही : झाडांच्या उंचीची गोष्ट

मंडळी, आज आपण झाड मोजणार आहोत. ऐकायला सोपं वाटतं. पण दाट जंगलात बुंधा आणि शेंडा एकाच जागेवरून दिसणं हीच मोठी अडचण असते. मोकळ्या माळावरचं झाड कोन मोजून, त्रिकोणमितीने शाळेतला मुलगाही मोजेल. जंगलात तसं जमत नाही.

एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रेलिया घ्या. व्हिक्टोरियात युकॅलिप्टस रेग्नन्सची, म्हणजे आपल्या निलगिरीच्या भाऊबंदांची, अवाढव्य जंगलं होती. त्यांच्या उंचीबद्दल काय वाट्टेल ते आकडे फिरायचे. फर्डिनांड फॉन म्युलर यांच्यासारख्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लिखाणातही 400 फुटांच्या पुढचे आकडे आहेत. तेवढं उंच झाड दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं, ते कोणी मिळवलं नाही. विश्वासार्ह मानला जातो तो थॉर्पडेलचा आकडा. 1880च्या दशकात जॉर्ज कॉर्नथ्वेट या सर्व्हेअरने तिथलं एक झाड मोजलं : 375 फूट, म्हणजे 114.3 मीटर. हा आकडा पक्का का मानतात? कारण झाड पाडून, आडवं असताना मोजलं! खात्री झाली, झाड गेलं.

आता लेसरकडे येऊ. पहिला लेसर 1960चा. विमानातून जंगलावर तो सोडायचे प्रयोग सत्तरच्या दशकात सोव्हिएत रशियात झाले, आणि 1984 साली अमेरिकेत नासाच्या रॉस नेल्सन आणि सहकाऱ्यांनी त्यावर निबंध छापला. पण तेव्हा विमानाखालची एकच रेघ मोजली जायची. विमान नेमकं कुठे आहे, किती कललंय, हे जीपीएस आणि जडत्वमापक यंत्रं आल्यावरच नीट कळू लागलं. मग लेसर डावी-उजवीकडे फिरवून अख्खा पट्टा मोजता आला. नॉर्वेत एरिक नेसेट यांनी नव्वदच्या दशकात हेच तंत्र वनमोजणीसाठी बसवलं.

तत्त्व साधं आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटीमीटर जातो. जाणं-येणं धरलं तर वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात 15 सेंटीमीटरची चूक. झोताचा काही भाग शेंड्यावरून परततो, काही फटींतून खाली जाऊन जमिनीवरून. दोन्हींतला फरक म्हणजे उंची. माझ्या मते खरी कसोटी शेंड्याची नाही, जमिनीची आहे. गर्द छतातून फार थोडा प्रकाश खाली पोचतो, आणि उतारावर जमीन कुठली धरायची हाच प्रश्न पडतो. शिवाय टोकदार शेंडा दोन झोतांच्या मधे सुटला, तर झाड बुटकं भरतं.

एखाद-दुसऱ्या मीटरने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. टास्मानियात बिघडतं! तिथल्या सरकारी वनसंस्थेच्या धोरणानुसार 85 मीटर किंवा त्याहून उंच झाडाला संरक्षण मिळतं. त्याच बेटावर 2003 मध्ये तोडणीनंतर लावलेल्या आगीत एल ग्रांदे होरपळून मेला. उंची 79 मीटरच, पण घेर आणि आकारमान प्रचंड. तेव्हा कुठलं झाड कुठे उभं आहे, हे आधी माहीत असणं किती महत्त्वाचं, ते लक्षात येईल.

2008 साली त्याच वनसंस्थेच्या लेसर मोजणीत आर्व्ह नदीच्या परिसरात एक आकडा वेगळाच उठून दिसला. माणसं गेली, वर चढली, फीत सोडली : 99.6 मीटर. नाव ठेवलं सेंच्युरियन, शंभर शिपायांचा रोमन नायक. शंभराला चाळीस सेंटीमीटर कमी, पण नाव शोभलं! पुढे 2018च्या मोजणीत ते 100.5 मीटर भरलं.

बोर्निओतही असंच. साबाच्या दानुम खोऱ्यात लेसरने हेरलेलं मेनारा हे झाड शोरिया कुळातलं, म्हणजे आपल्या सालवृक्षाचं नातलग. जानेवारी 2019 मध्ये उंडिंग जामी हा स्थानिक आरोहक वर चढला आणि शेंड्यापासून फीत खाली सोडली : 100.8 मीटर. विमानाने झाड दाखवलं, शेवटचा आकडा मात्र दोरीवर लटकलेल्या माणसाच्या हातातल्या फितीने दिला.

सेंच्युरियनची एक बातमी सांगायची राहिली. 2019च्या सुरुवातीला त्या भागात मोठा वणवा पेटला. बुंध्याला बरीच इजा झाली, पण झाड उभं राहिलं.