मधमाश्यांचा फुलोरा

मधमाश्यांना मकरंद किंवा पराग पुरवणाऱ्या वनस्पतींच्या बहराला मधपाळ ‘फुलोरा’ म्हणतात. मकरंदापासून मध होतो. परागातून अळ्यांना लागणारी प्रथिने मिळतात. काही झाडे दोन्ही देतात, काही एकच. पेटीत पाळली जाणारी सातेरी माशी साधारणपणे पोळ्यापासून एक-दीड किलोमीटरच्या आत चरते, त्यामुळे तेवढ्या परिसरात वर्षभर काय फुलते यावर वसाहतीचे भवितव्य ठरते.

महाबळेश्वर–जावळीच्या डोंगरात फुलण्याचा हा क्रम स्पष्ट दिसतो. मधमाशीपालनाचा हा जुना मुलूख आहे. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान्यता मिळाली. येथील मुख्य हंगाम उन्हाळ्याचा. मार्च–एप्रिलमध्ये जांभूळ (सिझिजियम क्युमिनी) फुलते. त्याच्या पाकळ्या टोपीसारख्या एकत्र गळून पडतात आणि उरतो तो पुंकेसरांचा पांढरट झुबका व त्याच्या तळाशी मकरंदाची उथळ वाटी. बहरलेल्या जांभळाखाली सकाळी उभे राहिले की माश्यांचा गुंजारव आधी ऐकू येतो, माश्या मागाहून दिसतात. झाडाखालची जमीन गळलेल्या केसरांनी भुरकट पांढरी झालेली असते. जांभळाच्या मधाला किंचित तुरट-कडवट चव असते आणि तिची सवय झालेल्या माणसाला दुसरा मध मिळमिळीत वाटतो. जांभळामागोमाग हिरडा फुलतो, आणि पांढरी उमलून पिवळी पडणारी गेळ्याची फुलेही याच सुमारास येतात.

कारवीची गत निराळी. सात-आठ वर्षांतून एकदा, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, अख्खा डोंगर जांभळा-निळा होतो आणि बी धरल्यावर ही झुडपे मरून जातात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ साली फुलली. सगळ्या सह्याद्रीत मात्र ती एकाच वर्षी फुलते असे नाही. कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी तोडल्या जातात. ही तोड बहराआधी झाली तर मकरंद जातो, आणि पुढच्या पिढीचे बीही जाते.

मधाचे श्रेय सहसा अशा बड्या झाडांना मिळते. वसाहत मात्र त्यांच्या आधीच्या बारीकसारीक फुलांवर उभी राहते, आणि नोंदींमध्ये नेमका याच फुलांचा उल्लेख अपुरा असतो. अंडे घातल्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्यानंतर पोळ्यातली कामे उरकून ती चरायला निघेपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे मार्चअखेर जांभळावर जाणाऱ्या माशीचे अंडे फेब्रुवारीच्या मध्याला घातलेले असावे लागते. त्या वेळी अंजनी, काटेसावर, शेवगा यांची फुले आणि आसपासच्या शेतातला पराग मिळाला नाही, तर राणी अंडी घालणे आखडते घेते. मग जांभूळ भरभरून फुलले तरी मध गोळा करायला माश्याच नसतात.

जून ते ऑगस्ट हा उपासमारीचा काळ. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. झडीत माशी बाहेर पडू शकत नाही आणि उमललेल्या फुलांतला मकरंद पावसाने धुऊन जातो. मधपाळ या दिवसांत साखरेचा पाक देतात, पण पाकात प्रथिने नसतात. उघडीप मिळताच लाजाळू, मका, टाकळा यांचा पराग उपयोगी पडतो. मक्याच्या तुऱ्यावर माश्या सकाळीच येतात आणि मागच्या पायांवर फिकट पिवळ्या गोळ्या घेऊन परततात. सप्टेंबरपासून तेरडा, सोनकी आणि रानातली बोर वसाहतीला सावरतात.

पठारी भागात पिके हाच मुख्य फुलोरा. कारळा (खुरासणी), तीळ, तूर, सूर्यफूल, धने, बियाण्याचा कांदा, डाळिंब. कांद्याच्या बीजोत्पादनात पेट्या ठेवल्या तर बी चांगले भरते, म्हणून शेतकरी स्वतः मधपाळाला बोलावतात. सूर्यफुलाखालचे क्षेत्र घटल्याने दुष्काळी पट्ट्यातला एक मोठा आधार गेला. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारायचेच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारावे. दिवसा फवारलेल्या शेताभोवतीच्या पेट्यांतल्या माश्या एका दिवसात निम्म्या होऊ शकतात.

पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत (स्थापना १९६२) मधमाशीपालनाबरोबर या वनस्पतींचाही अभ्यास होतो. मात्र प्रत्येक मधपाळाने आपल्या परिसराची पुष्पदिनदर्शिका स्वतः करावी, कारण दोन खोऱ्यांत एकाच झाडाचा बहर पंधरा-पंधरा दिवसांनी मागेपुढे होतो. लागवड करताना नुसते जांभूळ-हिरडा लावून भागत नाही. त्यांना फुलायला अनेक वर्षे लागतात. तोवर बांधावर शेवगा लावावा, करंज व बोर वाढू द्यावेत आणि दगडी पाल्यासारखे बारमाही फुलणारे तण सरसकट खुरपून काढू नये.